डावं सूत

हॉटेलचा कारभार बघणाऱ्या सेन्योरा ओफेलियांनी कापडाच्या दोन्ही कडांवर तळहात ठेवले, थोडा वेळ दाबून धरले आणि उचलले. कड उठली. घाईने नाही, झोपेतलं मूल कूस बदलतं तशी हळूच उठली आणि आत वळली, आधी उजवीकडची, मग डावीकडची, आणि आमचं एवढं मोठं कापड हॉटेलच्या त्या गुळगुळीत टेबलावर स्वतःला मिटून घेऊन पडून राहिलं. "रंग काय सुरेख आलाय," सेन्योरा म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. त्यांनी एका कडेवर मिठाची बरणी ठेवली, दुसरीवर साखरेची, तर मधला भाग फुगून वर आला. "बघ बेनिता. पाहुण्यांना सांगावं लागेल, जेवा, पण कोपर उचलू नका." माझी मुलगी गोया हसली, म्हणून मीही हसले. त्या पुढे म्हणाल्या की जेवणघराची सगळी टेबलं, वरच्या खोल्यांमधली टेबलं, आणि पुढे झिजेल तसं नवं, हे सगळं काम आमच्याच बायकांना द्यायचं त्यांच्या मनात आहे. मालकांना त्या तसं बोलल्याही आहेत. फक्त कापड सपाट बसायला हवं. कॉर्पुसच्या सणाआधी एक सपाट कापड आणून दाखवा. नाहीतर मालक लीमाहून यंत्रावरचं मागवतील. "माझ्या हातात असतं तर मी गुंडाळलेलंही घेतलं असतं," त्या म्हणाल्या आणि बरण्या उचलून जागेवर ठेवल्या. मी कापडाची घडी घातली. घडी घालताना कड माझ्या बोटाभोवती वळली, आणि बोटाने ती ओळखली. मी नाही, बोटाने.

मला कारण माहीत होतं. कापड मागावरून उतरायच्या आधीपासून माहीत होतं. विणताना माझी बोटं कडेपाशी आली की थबकत, काहीतरी शोधत आणि न सापडून पुढे जात. सूत एकाच दिशेने पिळलेलं असलं की त्याला उलगडायची ओढ असते, कायमची. मधले धागे एकमेकांना धरून बसतात, पण सगळ्यांची ओढ सरकत सरकत कडेला येऊन साचते, आणि कडेला धरायला कुणी नसतं. म्हणून आमच्याकडे काठाला डावं सूत घालतात, टकळी उलट फिरवून डावीकडे पिळलेलं. एक उजवं, शेजारी एक डावं, पुन्हा उजवं, पुन्हा डावं. एकाची ओढ दुसरं खातं आणि कापड निमूट पडून राहतं. ल्योके म्हणतात त्याला आमच्या भाषेत. त्याची आणखीही कामं असतात. आजाऱ्याच्या मनगटाला, गरोदर बाईच्या घोट्याला, मेलेल्याच्या कमरेला तेच बांधतात; जे वाईट वळत वळत येतं, ते त्याला अडून उलटं वळून परत जावं म्हणून. पण मला त्यावेळी त्या कामांची आठवण नको होती. मी घडी गोयाच्या काखेत दिली आणि आम्ही हॉटेलमागच्या उताराने खाली निघालो.

"इस्त्रीने नाही का बसणार?" गोयाने विचारलं.

"बसेल. संध्याकाळपर्यंत."

"आणि संध्याकाळी?"

"उठेल."

ती थोडं पुढे चालत होती. दगडी पायऱ्या पावसाने गुळगुळीत झालेल्या, आणि तिची चाल अशी की पाय घसरला तर पायरीचीच चूक. तिच्या मानेवरचं हाड मला मागून दिसत होतं. ती वळली नाही, तशीच म्हणाली, "ममाय, तुझ्या हातांना ठाऊक आहे."

"माझ्या हातांचं नाव काढू नकोस."

"बरं. कुणाच्या हातांचं काढू? बाकी कुणाला येतं?"

उत्तर न देणं मला सोपं जातं. सकाळी मेणबत्ती लावून प्रार्थना होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, शुक्रवारी मीठ खात नाही, सोमवारी कामाआधी कॅथेड्रलमध्ये जाते, आणि हे इतकी वर्षं चाललंय की शेजारणी सोमवारी मला काही विचारायचं असलं तर मंगळवारी विचारतात. माझ्या सगळ्या नेमांच्या तळाशी एक नवस आहे. बाकीचे नेम त्याच्यावर रचलेले, घराच्या भिंती पायावर असतात तसे. पायाकडे रोज कुणी बघत नाही. पण त्या उतारावर, गोयाच्या मानेकडे बघताना, मला तो पाया खालून हलल्यासारखा वाटला, आणि मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

लग्न होऊन मी किन्सामोकोला वर गेले, तिथे झाड उगवत नाही, दिवसभर वारा आणि अल्पाकांच्या कळपांची धूळ. माझ्या सासूबाई फार बोलायच्या नाहीत. डावं सूत काढावं तर त्यांनीच. तीन दऱ्यांपलीकडून बायका यायच्या, बटाटे देऊन घेऊन जायच्या. त्यांनी मला कधी शिकवलं नाही. त्या फक्त माझ्यासमोर बसून कातायच्या, आणि एक दिवस माझी टकळी उलटी फिरायला लागली, तेव्हा त्यांनी वर बघितलं, माझ्या हातातून टकळी घेतली, सूत ताणून पाहिलं, आणि परत दिली. एवढंच. पुढच्या कापणीपर्यंत बायका माझ्याकडेही यायला लागल्या होत्या. मी दिसायला साधी, माहेरची गरीब, गाणं येत नव्हतं, मका भाजायला घेतला की जळायचा. पण माझं डावं सूत केसासारखं बारीक निघायचं आणि तुटायचं नाही. बायका मला त्या नावानेच हाक मारायच्या, डाव्या सुताची बेनिता. रात्री अंथरुणात मी स्वतःलाच त्या नावाने हाक मारून बघायची, आणि मग लाज वाटून तोंडावर पांघरूण ओढायची.

मग गोया झाली, आणि अंगावर पीत असतानाच तापली. सासूबाईंनी डावं सूत कातून तिच्या मनगटांना, घोट्यांना, गळ्याला बांधलं. ताप उतरला नाही. चौथऱ्यावर बसून प्रार्थना शिकवायला येणारी एक बाई होती, ती म्हणाली, हे दोरे सैतानाचे आहेत, हे असेपर्यंत देव दारात उभा राहील पण आत येणार नाही. मी तरुण होते. मी मूल पाठीला बांधलं आणि रस्त्यापर्यंत धावत उतरले, बटाट्याच्या ट्रकवर बसून कुस्कोला आले. आणि तो दिवस निघाला ईस्टरआधीच्या पवित्र सोमवारचा. मिरवणुकीमुळे शहरात एक चाक हलत नव्हतं. आमचा भूकंपांचा प्रभू, क्रुसावरचा ख्रिस्त, आमच्या भाषेत 'ताइताचा' म्हणजे लाडका बाप, मेणबत्त्यांच्या धुराने काळा झालेला, क्रुसासकट खांद्यांवरून चाललेला, आणि सगळीकडून त्याच्यावर ते बारीक लाल फुलांचे सडे. दवाखाना गर्दीच्या पलीकडे होता. मी अलीकडे. पाठीवरचं मूल हलत नव्हतं. तो माझ्यासमोरून जाताना, इतक्या जवळून की क्रुसाच्या लाकडाचा वास आला, मी ते दोरे दातांनी तोडले आणि म्हटलं, हिला ठेव, मी पुन्हा कधी डावं सूत बोटांतून जाऊ देणार नाही. दुसरं काय देणार होते? माझं म्हणावं असं तेवढंच होतं. गर्दी पांगली. डॉक्टरांनी सुई दिली. दोन दिवसांनी गोया दूध ओढायला लागली. सासूबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "दोऱ्यांनी आपलं काम केलं होतं, मग तू तोडलेस." मरेपर्यंत त्या तसंच म्हणत राहिल्या, रागाने नाही, हवा कशी आहे ते सांगावं तशा. आणि मला इतक्या वर्षांत कधीही, एकदाही, त्यांना खोटं म्हणावंसं वाटलं नाही. आणि ताइताचालाही नाही. दोघांना खरं मानून जगणं जमतं. फक्त हात रिकामे ठेवावे लागतात.

गोयाच्या बापाने जंगलातल्या सोन्याची वाट धरली आणि तो तिकडचाच झाला. मी मुलीला घेऊन खाली शहरात आले, लोकांच्या चादरी धुतल्या, वर टेकडीवर मातीच्या विटांची खोली बांधली. विणणं मी सोडलं नव्हतं, ते आपोआप सुटलं होतं. ते परत आलं कासिमिरामुळे. कासिमिरा माझी कोमाद्रे; बाप्तिस्म्याला गोयाला तिनेच मांडीवर घेतलं होतं. ती गावाकडून आली तेव्हा भांडी विसरून आली, पण आईच्या मागाच्या काठ्या घेऊन आली. चर्चच्या अंगणात शनिवारी बसायला तिनेच सुरुवात केली, आणि एकेक करत टेकडीवरच्या बायका येऊन बसल्या, कमरेला माग बांधून, दुसरं टोक अंगणातल्या खांबांना. निवडुंगावरचे किडे वाटून किरमिजी रंग करायचा, तो पक्का व्हायला शिळी लघवी लागते, आणि लहान मुलांची सगळ्यात चांगली. लुसमिलाची पोरं फाटकातून आत आली की कासिमिरा विचारायची, "आणलंत का रे, की शाळेत सांडून आलात?" असं हसत खिदळत आम्ही वर्षभर सूत काढलं, रंगवलं, विणलं, आणि हॉटेलचं काम मिळणार अशा आशेवर प्रत्येकीने घरचं काहीतरी त्यात घातलं. आता हे काम गेलं तर हे अंगण रिकामं होणार होतं. लुसमिला पोरांना बहिणीकडे ठेवून लीमाला घरकामाला जाणार, तिचं बोलणंही झालं होतं. गोया खाणीच्या छावणीवर स्वयंपाकाला जाणार, जिकडे तिचा बाप हरवला तिकडेच.

मी गुंडाळलेलं कापड अंगणात पसरलं तेव्हा कासिमिराने ते बघितलं आणि मान हलवली. गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडलेला असतो, आणि ती अधूनमधून डाव्या हाताने तो उचलून नीट ठेवते.

"काठाला डावं सूत नाही," ती म्हणाली. "मी आधीच म्हटलं होतं."

"तू म्हटलं नव्हतंस, मावशी," लुसमिला म्हणाली. "तू म्हणालीस, बघू बसतंय का."

"म्हणजे तेच की. बसणार असतं तर बघू कशाला म्हटलं असतं?"

बायकांनी उलटी टकळी फिरवून बघितली होती. कासिमिरा तोंडाने सांगत होती, असं नाही, अंगठा आत, अगं आत. पण तोंडाने सांगून हाताला कळत नाही. त्यांचं डावं सूत कुठे जाड, कुठे बारीक निघायचं, आणि काठावर सगळ्यात जास्त ताण असतो, तिथे ते मागावर चढल्या चढल्या तुटायचं. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. न बघायचीही एक पद्धत असते, आणि अंगणातल्या सगळ्या बायकांना ती येते. फक्त कासिमिरा बोलली. "कोमाद्रे, देवाने तुझं सूत घेतलं, माझा हात घेतला. वर विणायला बसलाय की काय?" मी छातीवर क्रूस केला. ती म्हणाली, "कर, कर. माझ्या वाटणीचाही कर, माझा हात उचलत नाही."

पुढच्या शनिवारी कासिमिरा दवाखान्यात गेली होती, आणि गोयाने ती युक्ती काढली. तिने उजव्या सुताचा गुंडा घेतला, आतलं टोक बाहेर ओढलं, आणि म्हणाली, "ममाय, हे आता उलटं झालं ना? बाहेरून सुरू केलं तर उजवीकडे पिळलेलं, मग आतून सुरू केलं तर डावीकडे असणार. तुला काही कातायला नको. बोट लावायलाही नको." तिचा चेहरा उजळला होता. तिने माझा नवस वाचवायचा मार्ग शोधला होता, माझ्यासाठी, आणि मला तो चेहरा विझवायचा नव्हता. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आता आठवून बघते, तर माझ्या पोटात त्याच क्षणी काहीतरी सरळ उभं राहिलं होतं आणि म्हणत होतं की हे असं नसतं. पण त्याच्यावर मी हळूच हात ठेवला, सेन्योरा ओफेलियांनी कापडावर ठेवला तसा. ताणा घालताना गोया एका खुंटीपाशी आणि मी दुसऱ्या, गुंडे एकीकडून दुसरीकडे जात होते, काठाला एक बाहेरच्या टोकाचं, एक आतल्या टोकाचं, आणि मी मनात देवाचे आभार मानत होते की त्याने माझ्या मुलीला इतकी हुशार केली. आठवडाभर आम्ही आळीपाळीने विणलं. शेवटचा बोटभर भाग, जिथे मागाची काठी आत जात नाही आणि सुईने एकेक धागा उचलावा लागतो, तो मी केला. चारही बाजूंनी कापड पुरं झालं. मागावरून सोडलं. जमिनीवर पसरलं.

कड उठली.

कासिमिरा परत आली होती. तिला युक्ती सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिच्या तोंडाची फिरलेली बाजूही हसली. मग तिने लुसमिलाला कपडे वाळवायची दोरी काढून आणायला लावली. "हे टोक धर," ती गोयाला म्हणाली. "वळ कुठे जातोय बघ. बघितलास? आता ते टोक धर. बदलला?" गोया दोरी बघत राहिली, एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने. तिचे कान लाल झाले होते. "पोरी, दोरीवर तू वरून ये नाहीतर खालून ये, तिचा पीळ तिचाच. तो बदलायचा तर पिळणाऱ्याने बदलावा लागतो." मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिला माहीत नव्हतं. तुला होतं." उन्हात ते कापड दोन्ही बाजूंनी मिटत होतं आणि त्याच्यावरून एक मुंगी काठाच्या बोगद्यात शिरली.

पाद्रे आन्सेल्मो चर्चच्या मागच्या खोलीत बिघडलेला कर्णा उघडून बसले होते. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला होता, तेवढं मला बरं वाटलं. म्हणाले, नवस बदलून देता येतो. चर्चला तसा अधिकार आहे. सूत हे सूत आहे, त्यात सैतान नाही. मी तुम्हाला मोकळं करतो, त्याऐवजी महिनाभर रोज एक माळ जास्त जपा.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. सोपं असलं की तुम्हाला वाईट वाटतं का, सेन्योरा बेनिता?"

"वाटतं, पाद्रे."

ते हसले, आणि मी त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन बाहेर आले. सुटका झाली की अंग हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं. ते चांगले गृहस्थ आहेत, आणि त्यांना अधिकार असेलच. पण त्या सोमवारी त्या गर्दीत ते नव्हते. नवस मी त्यांना बोलले नव्हते. आणि जिच्या जिवावर बोलले, ती अंगणात खाली बसून, कुणी सांगितलं नसताना, आठवडाभराचं विणलेलं कापड कडेकडेने उसवत होती, निदान मधलं सूत तरी वाचावं म्हणून. तिला तसं बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी इतकी वर्षं तिला जिवंत ठेवत आलेय, रोज, श्वास रोखून, आणि तिला हे कुणी विचारलेलं नाही.

"गोया," मी म्हटलं. "मी पुन्हा डावं सूत हातात घेतलं, आणि तुला काही झालं तर?"

ती उसवत राहिली. "नवस माझ्या जिवावर बोललीस. मला विचारलं होतंस?"

"तू अंगावर पीत होतीस."

"मग आता विचार."

मी विचारलं. खरंच विचारलं, समोर बसून, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून. तिने सुताचा गुंता सोडवला, टोक तोंडात घालून ओलं केलं, आणि म्हणाली, "मी जगले तर तुझं सूत त्याचं, असं ठरलं होतं. मी जगले. सूत गेलं. इतकी वर्षं त्याच्याकडे आहे. आता त्याचं काम झालं असेल की." मग पुन्हा सुताला हात घालून, "आणि मरायचं असेल तर मी खाणीवर जाऊनही मरेन, ममाय. तिकडे वरून दगड पडतात. इथे निदान तू समोर असशील."

"असं बोलू नये."

"तूच विचारलंस."

सोमवारी मी कॅथेड्रलमध्ये गेले. मेणबत्ती नेहमीपेक्षा मोठी घेतली नाही. मोठी घेतली असती तर ती लाच झाली असती. ताइताचा तिथे होता, काळा, मान एका बाजूला पडलेली, आणि मी गुडघ्यावर बसले, तर इतक्या वर्षांची सगळी प्रार्थना ओठांवर आपोआप आली आणि मला ती थांबवावी लागली, दारात शिरणाऱ्या गुरांना हाताने अडवतात तशी. मी म्हटलं, मागायला आले नाही, सांगायला आले आहे. मी तुला दिलं ते मला वाटलं माझं आहे. ते माझं एकटीचं नव्हतं. ते माझ्या सासूचं होतं, तिने एक शब्द न बोलता माझ्या हातात ठेवलेलं, आणि तिच्या आधीच्या ज्या कुणी होत्या त्यांचं, आणि आज अंगणात काठाशिवाय बसलेल्या बायकांचं. दुसऱ्यांचं मी तुला देऊन बसले. तू घेतलंस, कारण मी रडत होते. ते मी परत नेते. शनिवारपासून. बदल्यात काय देऊ, हे विचारायला माझी जीभ उचलली गेली होती, सवयीने; ती मी खाली ठेवली. पुन्हा काही द्यायला गेले असते, तर पुन्हा कुणाचं तरी दिलं असतं. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही, त्यात नवीन काही नव्हतं. मी उठून बाहेर आले, तेव्हा चौकात ऊन इतकं पांढरं होतं की मला पायऱ्या दिसेनात. मी कठड्याला धरून एकेक पायरी पायाने चाचपून उतरले. भीती गेली नव्हती. ती माझ्याबरोबर उतरत होती, आणि मी तिला घरी चल म्हटलं, मंगळवारी चल म्हटलं, पण शनिवारी मी कातणार आहे.

शनिवारी अंगण भरलेलं होतं. कुणी काही बोललं असेल, कारण नेहमी उशिरा येणाऱ्याही आधी येऊन बसल्या होत्या. मी पांढऱ्या लोकरीचा पेळू मनगटाभोवती गुंडाळला. कासिमिराने तिच्या आईची टकळी माझ्याकडे सरकवली, डाव्या हाताने. गोया समोर बसली. निघणारं सूत तिने धरून न्यायचं, म्हणजे गुंता होणार नाही, आणि मग दोन पदर एकत्र पिळायला सोपे. "जवळ या," मी बायकांना म्हटलं. "हाताकडे बघा, तोंडाकडे नको." मग मी टकळी धरली आणि उलटी फिरवली. पहिली वीतभर जाड निघाली, मी तोडून टाकली. दुसरी तुटली. लुसमिला कुणाच्या तरी कानात कुजबुजली आणि कासिमिराने तिच्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा अंगठ्याला कळलं. कसं कळलं ते मी सांगू शकत नाही. हात थंड पाण्यात घालावा आणि पाणी ओळखीचं असावं, तसं काहीतरी. सूत बोटांतून निघायला लागलं, बारीक, सरळ, मी न बोलावता. गोया ते हात बदलत मागे नेत होती. अंगणाच्या त्या टोकापर्यंत नेलं आणि उभी राहिली. माझ्या ओठांवर प्रार्थना होती की नाही मला आठवत नाही.

गोया खोकली.

टकळी माझ्या हाताखाली थांबली. ती पुन्हा खोकली, वाकून, कोपर तोंडावर धरून, पण सूत सोडलं नाही. थांबलेली टकळी पीळ परत द्यायला लागते. तीही हवेत लटकत, हळूहळू, उजवीकडे उलगडायला लागली. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि त्यांच्या मधे मला लोकरीची चव आली. "लोकरीचा कण गेला असेल," कुणीतरी म्हणालं. "पाणी आण गं," कासिमिरा लुसमिलाला म्हणाली. गोयाने डोळे पुसले. ते लाल झाले होते आणि मी त्यांच्यात बघत होते, मला काय बघायचं होतं कुणास ठाऊक, आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि आमच्या दोघींच्या मधे ते सूत ताणलेलं होतं, अंगणभर.

"कात की, ममाय," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "हात भरून आला धरून धरून."

मी टकळी पकडली, थांबवली, आणि पुन्हा डावीकडे फिरवली.